जीपगाडीच्या तारांचा हिशेब



संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण या विषयांवरील व्याख्यानांच्या रांगेत एका जुन्या जीपगाडीच्या वायरिंगला जागा मिळावी, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्हांलाही वाटले. आम्ही वीजशास्त्राचे पदवीधर नाही. गाड्यांचा धंदाही आमचा नव्हे. कामगारांच्या संघटनेचे काम करता करता एक जुनी जीप गळ्यात पडली, तिने एका रात्री आमची चांगलीच परीक्षा घेतली, आणि त्यानंतर तिच्या तारा उलगडण्यात आमचे पाच-सहा महिन्यांचे रविवार गेले. त्या रविवारांत जे कळले तेवढेच येथे मांडावयाचे आहे. ज्यांच्या दारी जुनी जीप आहे त्यांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. ज्यांच्या दारी ती नाही, त्यांना आपल्या घरातील फ्यूजच्या पेटीचे दार एकदा उघडून पाहण्याची बुद्धी झाली, तरी आमचे श्रम फुकट गेले असे आम्ही मानणार नाही.

प्रथम या गाडीविषयी थोडेसे. विलिस कंपनीची लष्करी जीप दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून तयार होऊ लागली. चिखल, ओढे, वाळू यांतून चारही चाकांच्या जोरावर जाणारी ही गाडी युद्ध संपताच १९४५ मध्ये नागरी वेषात बाजारात आली, आणि १९५३ मध्ये तिचा उंच बॉनेटचा अवतार, सीजे-३बी, निघाला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९४९ च्या सुमारास, मुंबईत माझगाव येथे महिंद्रांच्या कारखान्यात विलिस जीपची जुळणी सुरू झाली, आणि हीच उंच बॉनेटची जीप पुढे कित्येक दशके आपल्या रस्त्यांवर आणि रस्ता नसलेल्या ठिकाणी धावत राहिली. लष्करी जीपमध्ये ६ व्होल्टची बॅटरी होती आणि दिवे मोजकेच होते. गाडी मुळात साधी. ती अवघड केली ती पुढच्या हातांनी.

आमची जीप १९७० नंतरच्या दशकातली, मूळची पेट्रोलची. पुढे कोणीतरी तिच्यात डिझेल इंजिन बसविले. त्यानंतरच्या मालकाने डायनॅमो काढून अल्टरनेटर घातला. आणखी कोणी टेप बसविला, कोणी धुक्यातले दिवे लावले, कोणी ते काढून नेले. प्रत्येकाने आपली तार ओढली. जुनी तार काढण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. आमच्याकडे गाडी आली तेव्हा डॅशबोर्डामागे हात घातला तर सुगरणीच्या खोप्यात हात घातल्यासारखे वाटे. फरक एवढाच की सुगरणीच्या खोप्याला रचना असते.

आमची संघटना खडीच्या खाणींवर काम करणाऱ्यांची. तेथे डांबरी रस्ता नसतो. पावसाळ्यात तर वाटच नसते. म्हणून जीप हवी. एका जुलै महिन्यात रात्री कराडकडून चिपळुणास परतताना कुंभार्ली घाटात पाऊस आणि धुके यांनी आम्हांला गाठले. मोठे दिवे आधी पिवळे पडले, मग लुकलुकले आणि गेले. पाठोपाठ मागचेही गेले. डॅशबोर्डाखालून जळक्या रबराचा वास आणि धूर येऊ लागला. इंजिन मात्र शांतपणे चालूच होते. चालकाने गाडी कडेला घेतली. बॅटरीची तार सोडवावी तर पाना सापडेना. शेवटी त्याने फडक्याने धरून तार ओढून काढली आणि तळहात भाजून घेतला. आमच्या एका सहकाऱ्याने हातबत्ती घेऊन मागच्या वळणावर धाव घेतली. तो तेथे पोहोचतो न पोहोचतो तोच वरून एक मालट्रक आला. बत्ती पाहून त्याने ब्रेक लावला आणि आमच्या जीपपासून दहा-बारा पावलांवर तो थांबला. गाडीत आम्ही सहाजण होतो.

दुसऱ्या दिवशी कारण सापडले. इंजिन आणि बैठक यांच्यामधील पत्र्याला जे भोक असते, त्यातून दिव्यांची तार जात होती. त्या भोकाला रबरी कडे हवे असते; ते केव्हाच गळून गेले होते. पत्र्याची धार वर्षानुवर्षे तारेवर घासली आणि तिने वरचे आवरण कापले. तार पत्र्याला भिडली. अशा वेळी फ्यूज जावयास हवा होता. फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याच्या तारांचा चांगला जाड पीळ भरून ठेवला होता. फ्यूज गेला नाही. म्हणून वायरिंग गेले.

येथे पुष्कळांचा एक समज असतो, तो आधी दूर केला पाहिजे. बारा व्होल्टची वीज म्हणजे खेळण्यातली वीज, तिने काय होणार, असे लोक म्हणतात. बारा व्होल्टने माणसाला झटका बसत नाही हे खरे. पण आग लागते ती प्रवाहाने. पाण्याच्या टाकीचा दाखला घ्या. टाकीची उंची म्हणजे व्होल्ट, नळातून वाहणारे पाणी म्हणजे अँपिअर, आणि नळाचा अरुंदपणा म्हणजे रोध. जीपची बॅटरी ही कमी उंचीवरची, पण फार मोठ्या तोंडाची टाकी आहे. डिझेल इंजिन फिरविताना सेल्फ तिच्याकडून दोन-तीनशे अँपिअर सहज ओढतो. तोच प्रवाह बोटाएवढ्या तारेऐवजी सुतळीएवढ्या तारेतून वाहू लागला, तर ती तार काही क्षणांत लाल होते आणि शेजारच्या सर्व तारांना घेऊन जळते.

आता वायरिंग साधे करणे म्हणजे काय, हे पाहू. आम्ही प्रथम त्याचा अर्थ 'तारा कापणे' असा घेतला आणि पहिल्याच रविवारी पस्तावलो. डॅशबोर्डावरच्या एका लहानशा दिव्याला जाणारी बारीक तार आम्हांला निरुपयोगी वाटली. दिवा तर जळत होता, पण तो कशाचा हे कोणास ठाऊक नव्हते. आम्ही तार कापली. गाडी सुरू झाली, चार दिवस चालली, आणि पाचव्या दिवशी बॅटरी मेली. तो दिवा चार्जिंगचा होता. अशा अल्टरनेटरला वीज निर्माण करण्यास प्रारंभी थोडे चुंबकत्व लागते, आणि त्यासाठीचा अल्पसा प्रवाह त्या दिव्यातूनच जातो. दिवा म्हणून ती तार क्षुल्लक होती. परंतु तिच्यावर सगळ्या गाडीचे चार्जिंग अवलंबून होते. कामगार चळवळीत तीस वर्षे घालवूनही आम्हांस हे आधी सुचू नये, याची लाज वाटली. कोण काय करतो हे न विचारता माणसे कमी करणाऱ्या व्यवस्थापकाला आम्ही जे ऐकवीत आलो, ते त्या दिवशी आम्हांला ऐकून घ्यावे लागले.

ऐकविणारे होते आमच्या गावातले वृद्ध वायरमन मिस्त्री. त्यांना सगळे चाचा म्हणतात. ते हसून म्हणाले, "भाऊ, तार कापण्याआधी तिला विचारायचं असतं, कुठून आलीस, कुठं चाललीस. कापल्यावर ती काय सांगणार?"

हेच साधे करण्याचे पहिले सूत्र. कोणत्याही तारेचे पाच प्रश्न असतात: वीज कोठून निघते, तिच्यावर पहारा कोणत्या फ्यूजचा, ती चालू-बंद कोणत्या बटनाने होते, ती कोणते काम करते, आणि काम संपल्यावर बॅटरीकडे परत कोणत्या वाटेने जाते. पाचही उत्तरे मिळाली तर ती तार कामाची. एकही मिळाले नाही आणि दोन्ही टोके हाती आली, तर ती मेलेली तार. आम्ही आणि चाचा टेस्ट लँप आणि मल्टिमीटर घेऊन बसलो. ते तार ओढून दाखवीत, आम्ही वहीत लिहीत असू. अशा अकरा तारा निघाल्या की ज्या कोठेही जात नव्हत्या. त्यांत पेट्रोल इंजिनाच्या इग्निशन कॉइलची तार होती. कॉइल जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण चावी फिरवली की त्या तारेत वीज यावयाची आणि तिचे उघडे टोक टेपमध्ये गुंडाळून इंजिनाजवळ लोंबत असावयाचे.

तारा मोजून झाल्यावर कामे मोजली. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाला चालत राहण्यासाठी वीज लागतच नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेल इंजिनात हवा दाबली जाऊन इतकी तापते की तेल आपोआप पेटते, आणि पंपही यंत्राच्या बळावरच चालतो. म्हणूनच घाटात सगळे वायरिंग जळत असताना आमचे इंजिन चालू राहिले. तेव्हा वीज हवी ती इतक्याच कामांना: सेल्फ, चार्जिंग, थंडीत इंजिन तापविणारे हीटर प्लग, मोठे दिवे, बाजूचे, मागचे व नंबरपाटीचे दिवे, ब्रेकचा दिवा आणि हॉर्न, दिशा दाखविणारे दिवे, वायपर आणि डॅशबोर्डावरील काटे. आठ कामे, आठ वाटा. कायद्याला लागणारा एकही दिवा यातून वगळता येत नाही, आणि वगळूही नये. मागचा लाल दिवा आपल्यासाठी नसतो, मागून येणाऱ्यासाठी असतो, हे त्या रात्रीनंतर आम्हांला कोणी सांगावयास नको.

यानंतर फ्यूज. फ्यूज हा दिव्याचे किंवा हॉर्नचे रक्षण करतो असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वस्तुतः तो तारेचे रक्षण करतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या जितकी जवळ तितकी चांगली. बॅटरी आणि फ्यूज यांमध्ये जी तार राहते तिच्यावर कोणाचाही पहारा नसतो. आणि म्हणूनच फ्यूजचा आकडा तारेला जेवढे सोसते त्यापेक्षा कमी असला पाहिजे. हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ६० वॅटचा मोठा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. त्याला १० अँपिअरचा फ्यूज पुरे. ब्रेकचे दोन दिवे प्रत्येकी २१ वॅटचे, म्हणजे मिळून साडेतीन अँपिअर. हॉर्न धरून १५ अँपिअरचा फ्यूज. बाजूच्या व मागच्या बारीक दिव्यांना ५ अँपिअर. बाजारात मिळणाऱ्या चपट्या फ्यूजांना रंगच ठरलेले आहेत: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. अक्षर न वाचणाऱ्या माणसालाही लालच्या जागी लालच घालावयाचा एवढे कळते. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज घालणे म्हणजे ताप आला म्हणून तापमापक फोडण्यासारखे आहे.

येथे आमचे आणि चाचांचे एका बाबतीत मतभेद झाले. साधेपणाच्या उत्साहात आम्ही मोठ्या दिव्यांना एकच फ्यूज ठेवावयाचे म्हणत होतो. चाचा म्हणाले, "डावा वेगळा, उजवा वेगळा. वरचा झोत वेगळा, खालचा वेगळा. चार फ्यूज." आम्ही म्हणालो, यात साधेपणा कसला? ते म्हणाले, "भाऊ, एक दिवा गेला तर माणूस घरी येतो. दोन्ही गेले तर काय होतं, ते तुम्ही पाहिलंय." आम्ही मुकाट्याने चार फ्यूज लिहिले. साधेपणा म्हणजे वस्तूंची संख्या कमी असणे नव्हे, एक बिघाड एकाच ठिकाणी थांबणे होय, ही व्याख्या आमची नाही, चाचांची आहे.

आता मोठे दिवे पिवळे का पडत, ते पाहू. जुन्या रचनेत दिव्यांची सर्व वीज बॅटरीकडून डॅशबोर्डावरच्या बटनाकडे, तेथून पायाशी असलेल्या डिपरकडे, आणि तेथून पुन्हा पुढे दिव्यांकडे जाते. हा प्रवास सहा-सात मीटरांचा. १० अँपिअर प्रवाह दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून सहा मीटर गेला, तर नुसत्या तारेतच सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. त्यात जुने बटन, गंजलेला डिपर आणि पिळून टेप लावलेले जोड यांची भर. आम्ही मोजले तेव्हा बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि दिव्याच्या टोकाशी १०.६ व्होल्ट भरले. पावणेदोन व्होल्टने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. तापलेल्या तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार वेगाने घटतो. दाब १० टक्के घटला तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. आमच्या दिव्यांचा प्रकाश अशा रीतीने चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटेतच सांडत होता, आणि आम्ही दर सहा महिन्यांनी बल्ब बदलीत होतो.

यावर उपाय रिले. रिले म्हणजे विजेने चालणारे बटन. त्याच्या पोटात तारेचे एक वेटोळे असते. त्यातून अगदी थोडा, साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर, प्रवाह गेला की ते चुंबक बनते आणि आतली जाड पट्टी ओढून मुख्य वाट जोडते. साहेबाने खोलीत बसून घंटी वाजवावी आणि शिपायाने गोदामाचे दार उघडावे, तसा हा प्रकार आहे. माल साहेबाच्या खोलीतून फिरवून न्यावा लागत नाही. फक्त निरोप जातो. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३० म्हणजे फ्यूजमार्गे बॅटरीकडून येणारी वीज, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. रिले बॅटरीजवळ बसविला, तेथून अडीच चौरस मिलिमीटरची तार थेट दिव्यांकडे नेली, आणि जुन्या बटनाकडे केवळ निरोपाचे काम ठेवले. पुन्हा मोजले तर दिव्याशी १२.१ व्होल्ट भरले. बल्ब तेच होते.

परतीच्या वाटेकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. जीपमध्ये वीज जाते तारेने आणि परत येते लोखंडाने. म्हणजे पत्रा आणि चॅसी हीच परतीची तार. याला आपण अर्थ म्हणतो. गाडी नवी असताना ही युक्ती उत्तम. पण जुन्या जीपमध्ये बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये रबराचे तुकडे असतात, पत्र्यावर रंगाचे चार थर असतात, आणि बोल्टांना गंज चढलेला असतो. मग वीज परतीसाठी दुसऱ्याच दिव्यातून वाट काढते. डावीकडचा इशारा दिला की मागचा लाल दिवाही लुकलुकतो, हे आपण पाहिले असेल; तो भुताटकीचा नव्हे, खराब अर्थचा प्रकार आहे. आम्ही बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जाड पट्टा इंजिनाला, एक चॅसीला आणि एक बॉडीला दिला. जेथे बोल्ट लावावयाचा तेथे रंग खरवडून चकचकीत लोखंड काढले, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन फासले. शिवाय प्रत्येक दिव्याची स्वतंत्र काळी तार एका सामाईक बोल्टपर्यंत आणली. या कामी आमच्या तारा कमी झाल्या नाहीत, वाढल्या. पण निम्मे बिघाड नाहीसे झाले.

आणखी एक जुने दुखणे म्हणजे डॅशबोर्डावरील अँमीटर. हा काटा चार्जिंगचा प्रवाह दाखवितो, आणि दाखविण्यासाठी तो सगळा प्रवाह स्वतःच्या पोटातून नेतो. जुना डायनॅमो वीस-पंचवीस अँपिअर देई, तोवर हे चालून गेले. त्याच्या जागी अधिक क्षमतेचा अल्टरनेटर बसविला, तार आणि काटा मात्र जुनेच ठेवले, की डॅशबोर्डामागे, फ्यूजविना, एक निखारा ठेवल्यासारखे होते. आम्ही अँमीटर काढला, अल्टरनेटरची जाड तार योग्य फ्यूज घालून सरळ बॅटरीला दिली, आणि डॅशबोर्डावर व्होल्टमीटर बसविला. त्याला एक बारीक तार पुरते. इंजिन बंद असता साडेबाराच्या जवळ, चालू असता चौदाच्या आसपास, एवढे पाहिले की चार्जिंगचे कुशल कळते.

चिखलवाटांवरच्या गाडीसाठी काही पथ्ये अधिक पाळावी लागतात. घरातील वायरिंगची तार गाडीत वापरू नये. गाडीसाठी पुष्कळ बारीक तंतूंची, उष्णता आणि तेल सोसणारी तार मिळते, तीच घ्यावी. तार पिळून टेप गुंडाळणे हा जोड नव्हे. थिंबल घालून ती योग्य चिमट्याने दाबावी. डाग दिलेला जोड टेबलावर उत्तम, परंतु हादऱ्यांत त्याच्या कडेपाशी तार ताठ होऊन तुटते. लूम पत्र्यातून जाईल तेथे रबरी कडे हवेच. प्रत्येक वीतभर अंतरावर लूम बांधावा, सायलेन्सरपासून दूर ठेवावा, आणि ओढ्याचे पाणी चढेल त्या पातळीच्या वर फ्यूजची पेटी व रिले बसवावेत. बॅटरीजवळ एक मुख्य बटन असावे, म्हणजे संकटाच्या वेळी पाना शोधावा लागत नाही. आणि काम सुरू करताना बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी व शेवटी जोडावी. उलट केल्यास पाना पत्र्याला लागून ठिणगी उडते.

एक इशारा येथेच दिला पाहिजे. हे सारे जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांपुरते आहे. आजच्या गाड्यांत इंजिनाचा कारभार संगणक पाहतो, आणि एकाच जोडतारेवरून अनेक यंत्रे एकमेकांना निरोप देतात. तेथे टेस्ट लँप घेऊन शिरणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे. तसेच जुन्या काचेच्या दिव्यात एलईडीचा बल्ब नुसता बदलून घातला तर वीज वाचते, परंतु झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. आपला दिवा दुसऱ्याला खड्ड्यात घालणारा नसावा.

शेवटी ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान द्यावे असे वाटले ती सांगतो. तारा, फ्यूज, रिले हे सर्व झाल्यावर आम्ही चाचांना म्हणालो, आता याचा नकाशा काढू. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "कागद कशाला? मी आहे ना." त्या तीन शब्दांत त्यांची पन्नास वर्षांची मिळकत होती, हे आम्ही ओळखले. वायरमनचे ज्ञान हीच त्याची जमीन आणि हीच त्याची पेन्शन. ते कागदावर उतरले की उद्या कोणीही येईल, कागद वाचील आणि चाचांना विचारणार नाही, ही भीती खोटी नव्हती. कारागिराच्या हातातले कसब काढून घेऊन त्याला रस्त्यावर टाकल्याची उदाहरणे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून आम्ही आग्रह केला नाही. आम्ही एवढेच विचारले, "चाचा, त्या रात्री घाटात आम्ही सहाजण होतो, आणि तुम्ही चिपळुणात होतात. आम्ही काय करायचे होते?"

दुसऱ्या रविवारी ते स्वतः रंगीत पेन्सिली घेऊन आले. त्यांना लिहिणे जमत नाही. पण जुन्या ब्रिटिश गाड्यांतील रंगांची भाषा त्यांना तोंडपाठ आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीहून थेट, पांढरी चावीची, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली, निळी मोठ्या दिव्यांची, लाल बारीक दिव्यांची, काळी अर्थ. आम्ही नवे वायरिंग त्याच रंगांत केले होते. त्यांनी रेघा ओढल्या, आम्ही नावे लिहिली. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना आकडा असलेली स्लीव्ह चढविली, तोच आकडा कागदावर टाकला. कागदाच्या खाली आम्ही त्यांचे नाव लिहिले, आणि शेजारी तारीख. एक प्रत फ्यूजच्या पेटीच्या झाकणात आहे, एक संघटनेच्या कचेरीत, आणि तिसरी चाचांनी मागून घेऊन आपल्या गॅरेजच्या भिंतीवर लावली आहे. तिच्यामुळे त्यांचा धंदा बुडाला नाही. त्या भिंतीखाली आता दोन मुले काम शिकतात, आणि आसपासच्या जुन्या जीपा नकाशासाठी म्हणून त्यांच्याकडे येतात.

गेल्या पावसाळ्यात खाणीवरून परतताना आमचा उजवा दिवा गेला. चाचा बरोबर नव्हते. चालक नवा, वीस-बावीस वर्षांचा. त्याने गाडी कडेला घेतली, झाकण उघडून हातबत्तीच्या उजेडात कागदावर बोट फिरविले, जळालेला लाल फ्यूज काढला आणि दुसरा घालण्यापूर्वी दिव्यापर्यंतची निळी तार हाताने चाचपून पाहिली. बंपरजवळ ती दगडाने चेचली होती. त्याने तेवढा तुकडा कापला, थिंबल दाबले, फ्यूज घातला. पंधरा-वीस मिनिटांचे काम. तोवर डावा दिवा जळत होताच. इतका वेळ आम्ही छत्री धरून उभे होतो; आमची त्याला तेवढीच मदत लागली.